संमेलनात एक तास ऐकण्यासाठी ठेवा

प्रति,
बेळगाव सीमाभागातल्या मराठी साहित्य संमेलनांचे संयोजक, वाचनालयांचे कार्यकर्ते आणि मराठी शाळांतले शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

सुगी उरकली की आपल्या गावांत मंडप उभे राहतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, व्याख्यान, दुपारच्या जेवणानंतर कथाकथन, शेवटी कविसंमेलन. सरकारदरबारी आपल्या भाषेला जागा मिळो न मिळो, गावकरी स्वतः राबून हे उभं करतात, आणि शेतातून थेट आलेली माणसं संध्याकाळपर्यंत बसून ऐकतात. या मंडपांत मी गेली कित्येक वर्षं बसत आले आहे. आज पहिल्यांदाच आपल्याकडे काहीतरी मागते आहे. येत्या संमेलनात एक तास व्यासपीठ रिकामं ठेवा. त्या तासात आपल्याच गावच्या माणसांचे ध्वनिमुद्रित आवाज सगळ्यांनी मिळून ऐकू या. हे आवाज आपल्या शाळांतल्या मुलांनी जमवलेले असतील.

हे का मागते ते सांगण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी कोनाड्यात रेडिओ होता. काटा थोडा सरकवला की भाषा बदलायची. धारवाडला कन्नड, सांगलीला मराठी, पणजीला कोंकणी आणि मराठी. दिवसा खरखर करणारं केंद्र रात्री स्वच्छ लागायचं. मध्यम लहरी शोषून घेणारा वरच्या हवेतला एक थर सूर्य मावळल्यावर विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परतून लांबवर पोचतात, हे कारण मला फार पुढे समजलं. तेव्हा एवढंच वाटायचं की दिवे मालवले की जग जवळ येतं. कन्नड मी शाळेत नंतर शिकले, त्याआधी ती कानांत बसली होती ती या काट्यामुळे. आणि रेडिओला ‘आकाशवाणी’ हे नाव तर कर्नाटकातच मिळालं. १९३५ साली म्हैसूरमध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरी छोटं नभोवाणी केंद्र सुरू केलं, त्याचं हे नाव होतं. पुढे ते साऱ्या देशाचं झालं.

पदवीनंतर मी एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक म्हणून लागले. तिथं मला खूप काही मिळालं, आणि एक गोष्ट गेली. आपल्याकडच्या बायका घरात ‘मी आलो’, ‘मी जातो की’ असंच म्हणतात. कोल्हापूरकडेही हीच रीत आहे. माझी आजी तसं बोलायची, आई तसं बोलायची, मीही तसंच बोलायचे. आवाजाच्या चाचणीत पास व्हायला मला ‘आले’, ‘जाते’ करावं लागलं. ते करायलाच हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याबरोबर माझा हेलही गेला, वाक्याच्या शेवटचा ‘की’ गेला, दोन शब्दांमध्ये थांबायची माझी लकब गेली. माझ्या पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी आई शेजारणीला घेऊन रेडिओसमोर बसली होती. माझं निवेदन सुरू होऊन पाच मिनिटं झाल्यावर तिनं शेजारणीला विचारलं, “आमची कवा बोलणार हो?”

हे तिनं मला हसत हसत सांगितलं. मी ते आजपर्यंत विसरू शकले नाही.

आज शाळांत ध्वनिमुद्रणाच्या कार्यशाळा घेताना तेच मला मुलांमध्ये दिसतं. मधल्या सुट्टीत चिंचेखाली एक मुलगा शिवारात आलेल्या गव्याची गोष्ट सांगत असतो. हातवारे, आवाज काढणं, मध्येच थांबून सगळ्यांच्या तोंडाकडं बघणं, ‘काय करालास, पळ की गा!’ असं ओरडणं. पोरं श्वास रोखून उभी असतात. त्याच मुलाला माइकसमोर आणा. पाय जुळतात, मान वर जाते, आणि “सन्माननीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजन वर्ग” सुरू होतं. गवा नाहीसा होतो. मुलाचा यात दोष नाही. माइक म्हणजे भाषण, हे त्यानं आपल्याकडूनच शिकलेलं आहे. त्यानं दुसरा माइक पाहिलेलाच नाही.

नभोवाणीचा माइक दुसरा असतो. मंडपातला माइक हजार माणसांसाठी आवाज मोठा करतो. रेडिओवर ऐकणारा एकटा असतो: भाकरी थापत असतो, गाडी चालवत असतो, नाहीतर झोप येत नाही म्हणून पडून असतो. त्याच्याशी ओरडून बोलायचं नसतं. कथाकथनात गाजलेली किती तरी माणसं स्टुडिओत पहिल्या दिवशी अडखळताना मी पाहिली आहेत, कारण समोर हशा नाही, टाळी नाही. मग कुणीतरी सांगायचं, “समोर तुमची बहीण बसली आहे समजा, आणि बाळ नुकतंच झोपलंय.” आवाज लगेच खाली यायचा आणि गोष्ट सुरू व्हायची.

कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी मी यंत्र बाहेर काढतच नाही. सातवी-आठवीची पंचवीसेक मुलं वर्गात गोल बसवते आणि डोळे मिटून पाच मिनिटं जे ऐकू येईल ते लक्षात ठेवायला सांगते. पहिल्या खेपेला यादी येते ती हॉर्न, कावळा, घंटा अशी. दुसऱ्या खेपेला शेजारच्या वर्गातलं फळा पुसणं येतं. तिसऱ्या खेपेला एका मुलीनं लिहिलं होतं, “ऊन वाढलं तसा पत्रा चुटचुट वाजायला लागला.” त्या शाळेत मी चार दिवस होते, मला तो पत्रा ऐकू आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोबाइल. महागडी यंत्रं लागत नाहीत. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, फ्रिज असेल तर तोही थोडा वेळ बंद. फोन बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, पण अगदी समोर नाही, जरा बाजूला. समोर धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना तोंडातून निघणारा झोत थेट आत जातो आणि फटफट आवाज येतो. खोली घुमत असेल तर भिंतींवर वाकळा टाकायच्या. बोलणं संपल्यावर त्याच खोलीत एक मिनिट सगळ्यांनी गप्प राहून नुसती शांतता मुद्रित करायची, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि पुढे जोडकाम करताना ती लागते. या एका मिनिटात हसू दाबताना मुलांचे हाल होतात. तिसऱ्या प्रयत्नात जमतं.

आणि एक नियम मी कधीच मोडू देत नाही. माइक पाहुण्याच्या हातात द्यायचा नाही. दिला की आजोबासुद्धा भाषण सुरू करतात. मुलानंच धरायचा, आणि पहिला प्रश्न विचारायचा, “सकाळी काय खाल्लं?” आवाजाची पातळी त्यात समजते, आणि त्या प्रश्नाचं उत्तर कुणी पुस्तकी मराठीत देत नाही. त्यानंतरही “आपला अनुभव सांगा” असं नाही. “त्या दिवशी पायात काय होतं?”, “वाटेत कोण भेटलं?” असं. उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाचपर्यंत मोजायचं. लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही.

या पाच अंकांनी काय दिलं त्याची एक गोष्ट सांगते. एका मुलीनं आजीला नट्टीबद्दल विचारलं, म्हणजे भाताच्या रोपलावणीबद्दल. नट्टी लावताना गाणी म्हणत होता का? आजी म्हणाली, “न्हाई गं. कंबर मोडाय लागली की कसलं गाणं.” संपलं. मुलगी मोजत राहिली. फितीवर, म्हणजे फोनवर, ती शांतता अजून आहे, लांब कुठंतरी कुत्रं भुंकतंय. मग आजी आपणहून म्हणाली, “लगीन होऊन आलो त्या वर्षी मला रांगेत शेवटाला उभं केलं होतं. मागं पडलो तर सासू बोलायची न्हाई. नुसती पाण्यात काठी आपटायची. त्यो आवाज अजून येतोय बघ.”

मुलीला तो आवाज हवा झाला. तिनं बादलीत काठी आपटून पाहिली, बादलीचाच आवाज आला. विहिरीवर गेली, तिथं घुमला. शेवटी पावसाळ्यात लावणीच्या चिखलात जाऊन, घोटाभर पाण्यात, काठी आडवी मारली तेव्हा कुठं ओला, जड, थोडा चिखलात रुतणारा आवाज मिळाला. तो तिनं आजीच्या बोलण्यानंतर लावला आणि आजीच्या कानाला हेडफोन दिला. आजीनं ऐकलं आणि म्हणाली, “एवढ्या जोरात नव्हं.” मुलीनं आवाज कमी केला. आजीनं पुन्हा ऐकलं. मग ती काहीच बोलली नाही, हेडफोन काढून मांडीवर ठेवून बसली.

चार मिनिटांची ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना ऐकवली आहे. नभोवाणीवरचं रूपक, म्हणजे आवाजांतून मांडलेली गोष्ट, कसं रचतात, ध्वनी कुठं वापरावा, कुठं थांबावं, हे सगळं तिच्यात आहे. ‘आलो’, ‘पडलो’ही आहे. ते दुरुस्त केलं असतं तर त्या चिखलात उभी राहिलेली सून तिथून निघून गेली असती.

दुसरी गोष्ट बेळगावातल्या वडगावची. एका मुलानं यंत्रमागावर काम करणाऱ्या काकाला मुद्रित केलं. मागाच्या खडखडाटात बोलणं ऐकू यावं म्हणून काका त्याच्या कानाशी येऊन बोलत होता, त्यामुळे आवाज फार सुंदर आला. काका मराठीत धाग्याबद्दल सांगतोय, मध्येच बायकोला कन्नडमध्ये काहीतरी विचारतो, ती आतून कन्नडमध्येच उत्तर देते, आणि तो अर्धं राहिलेलं मराठी वाक्य पुरं करतो. ही फीत आम्ही एका स्पर्धेला पाठवली. भाषा अशुद्ध आहे आणि कन्नडचा भाग काढायला हवा होता, असा शेरा येऊन ती परत आली. मुलगा हिरमुसला. मी त्याला सांगितलं तेच आपल्यालाही सांगते: तो भाग कापला असता तर त्या घरात कोण राहतं तेच कापलं गेलं असतं. आपण ज्याला शुद्ध मराठी म्हणतो तिच्यातली भाकरी, तूप, अडकित्ता, आक्का हे शब्द व्याकरणाची पुस्तकंच कन्नडमधून आलेले म्हणून देतात. सीमाप्रश्नावर आपली जी भूमिका आहे ती आहे, मीही त्याच घरात वाढले आहे. पण शेजारणीचा आवाज फितीतून पुसून आपली बाजू बळकट होत नाही.

कापण्याबद्दल आणखी थोडं, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. मी लागले तेव्हा स्पूलची फीत होती. यंत्रावरून ती सेकंदाला ७.५ इंच पळायची. म्हणजे बोलणारा सेकंदभर थांबला की ती शांतता जवळजवळ वीतभर लांब, हातात धरता यायची. ब्लेडनं तिरकी कापायची, चिकटपट्टीनं जोडायची. कापलेला तुकडा खाली पडायचा तो डोळ्यांना दिसायचा, म्हणून हात आखडता राहायचा. माझ्या एका ज्येष्ठ सहकारी ते तुकडे गळ्यात अडकवून ठेवायच्या, जोडणी ऐकल्यावर चुकलं असं वाटलं तर परत लावता यावेत म्हणून. आता संगणकावर श्वास, आवंढा, ‘म्हणजे... ते’ सगळं एका बोटानं उडतं. मुलांना ते कापायला फार आवडतं. मी त्यांना सगळे श्वास कापू देते, आणि मग ती फीत आणि मूळ फीत लागोपाठ ऐकवते. कापलेल्या फितीत माणूस गुदमरल्यासारखा वाटतो. एवढं दाखवलं की पुरतं, पुढे काही शिकवावं लागत नाही.

रेडिओ आपल्याला परका नाही. आपल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठी शिकवणारे पु. ल. देशपांडे पुढे आकाशवाणीत गेले. प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९५ साली आला, तो न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठानं दिला होता. त्यानंतर २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणीची वाट मोकळी झाली. तेलंगणातल्या झहीराबाद भागात दलित शेतकरी बायका २००८ पासून ‘संघम रेडिओ’ चालवतात. आपल्या कर्नाटकातच कोलार जिल्ह्यातल्या बुदिकोटेत, परवाना मिळत नव्हता त्या काळात, ‘नम्म ध्वनी’नं केबलच्या तारेतून गावाचे कार्यक्रम घरोघरी पोचवले. साताऱ्याकडं म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे असंच केंद्र आहे. परवाना, मनोरा, प्रक्षेपक यांचा विचार पुढे कधीतरी करू. मंडपातले कर्णे आणि शांत बसलेली माणसं एवढं आपल्याकडं आत्ताच आहे.

घाई करण्याचं कारण मात्र आहे. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी अध्यक्ष झालेलं हे एकमेव अधिवेशन. तिथं कोवळ्या वयाच्या गंगूबाई हनगल गायल्या होत्या. त्या मांडवात बसून ते ऐकलेलं माणूस आता कुठल्याही गावात सापडणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हा विशीत असलेली माणसं आज नव्वदीच्या घरात आहेत. त्या विषयावर आपल्याकडं ठराव आहेत, भाषणं आहेत, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल आहे. पण त्या सकाळी चुलीपुढं काय बोलणं झालं, शाळेत गुरुजी काय म्हणाले, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बायका कशावर बोलत होत्या, हे सांगू शकणारे आवाज दर पावसाळ्यात कमी होत आहेत. मी यादी करून ठेवते. गेल्या वर्षी त्यातल्या दोघांकडं जायचं राहून गेलं, आणि आता जाता येणार नाही.

म्हणून वाचनालयांना वेगळी विनंती. एक कपाट द्या, निदान एक खण. त्यात दोन हार्डडिस्क, एकीची नक्कल दुसरीत, आणि एक साधी वही. वहीत प्रत्येक फितीपुढं नाव, गाव, वय, तारीख, कुणी मुद्रित केलं, आणि ऐकवायला त्या माणसाची परवानगी आहे की नाही. काहींची नसते. एका आजोबांनी आम्हाला सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, “मी असेस्तवर लावू नका.” ती फीत आम्ही बंद ठेवली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या संशोधकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. कुठल्या गावच्या, कुठल्या बाईनं गायलेल्या, ही नोंद सोबत ठेवल्यामुळं आज ती ओवी कुणाची ते सांगता येतं. आपल्या घराघरांत लग्नांच्या, भजनांच्या जुन्या कॅसेट पडून आहेत. त्यांच्यावर नावही नाही. पेटीतल्या दमटपणानं त्या आतल्या आत चिकटत चालल्या आहेत. खानापूरचा पाऊस आपल्याला माहीत आहे.

शिक्षकांना एवढंच सांगते की यासाठी वेगळा तास काढावा लागत नाही. निबंधाच्या तासाला महिन्यातून एकदा मुलांना लिहायच्या ऐवजी ऐकून यायला सांगा. ऐकलेलं मग लिहू दे. लिहिताना प्रमाण मराठी शिकवा, ती आलीच पाहिजे, परीक्षा तिच्यात आहेत आणि नोकऱ्याही. पण मुद्रित केलेल्या आवाजावर लाल शाई चालवू नका. आणि मुलं जे निवेदन लिहितील ते मोठ्यानं वाचून घ्या. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘त्याचप्रमाणे’ हे शब्द वाचताना जीभ आपोआप अडते. पुस्तक वाचणारा अडला तर मागच्या ओळीवर जातो, मंडपात बसून ऐकणाऱ्याला ती सोय नाही.

संयोजकांनो, कथाकथनाच्या सत्रानंतरचा तास मिळाला तर उत्तम. त्या वेळी ऊन उतरलेलं असतं आणि माणसं स्थिरावलेली असतात. अध्यक्ष नको, सत्कार नको, पुष्पगुच्छ नकोत. सहा-सात फिती, प्रत्येक चार-पाच मिनिटांची. प्रत्येक फितीआधी मुद्रित करणारं मूल उभं राहून फक्त माणसाचं नाव आणि गाव सांगेल. ज्यांचा आवाज आहे ती माणसं पहिल्या रांगेत बसलेली असू देत, त्यांना आणायला गाडीची सोय मी करीन. दोन फितींच्या मध्ये कुणीही काही बोलणार नाही.

तयारीसाठी आधीचा एक रविवार आणि शाळेतली एक खोली लागेल. रेकॉर्डर, हेडफोन, तारा मी घेऊन येईन. मानधन नको. खोली जेवणाच्या मंडपापासून आणि कर्ण्यांपासून लांबची द्या, आणि गावातून दहा-बारा वाकळा मिळाल्या तर भिंतींना लावायला होतील.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक ध्वनिशिक्षिका